आईच्या मांडीवरचा जाड्या

सवत असती तर एक वेळ परवडली असती. सवतीशी भांडता येतं, तिच्या नावानं बोटं मोडता येतात, चार बायकांत बसून तिची उणीदुणी काढता येतात. सरड्याशी काय भांडणार, कपाळ? फिदेन्सियाची तीच पंचाईत होती. तिच्या सख्ख्या आईनं म्हातारपणी एक सरडा मांडीवर घेतला होता, आणि पोटची लेक कुंपणापलीकडून बघत जळत होती.

सरडा म्हणजे काडीएवढा, मान हलवणारा तो नव्हे. आमच्या किनाऱ्यासमोरच्या सान एस्तेबान बेटावर खडकांत राहतो तो, आम्ही त्याला कोफ म्हणतो. चांगला हातभर लांब, पोटानं लोंबता, मानेला सैल कातड्याच्या घड्या, पिवळट अंगावर काळे धब्बे. फिदेचा धाकटा भाऊ लिबोरियो होडीनं माणसं त्या बेटावर नेतो-आणतो. एकदा तिथं एक दगड गडगडला आणि त्याखाली या सरड्याचा पाय सापडला. लिबोरियोला दया आली, त्यानं उचलून घरी आणला. आई म्हणाली, "पाय बरा होईस्तोवर राहू दे." पाय केव्हाच बरा झाला. सरडा मात्र राहिला तो राहिलाच. अंगणात त्याच्यासाठी दगडांचा ढीग रचला गेला, त्याला 'जाड्या' असं नाव पडलं, आणि हिरव्या खोडाच्या झाडांना फुलोरा आला की जाड्याला खायला ती पिवळी फुलं लागायची. ती वेचून कोण आणायचं? फिदे. म्हणजे सवतीला वेणीसुद्धा हिनंच आणून द्यायची.

"खातो कसा बघ," आई, म्हातारी युलालिया, कौतुकानं म्हणायची. "एकेक पाकळी. माणसासारखा."

"माणसं इथं उपाशी आहेत आणि त्याच्या पाकळ्या मोज," फिदे म्हणायची. उपाशी वगैरे कुणी नव्हतं. चुलीवर तिनंच केलेल्या रोट्या असायच्या, समोर मासा असायचा. पण बोलायला काहीतरी लागतं.

आणि एवढ्यावर भागलं असतं तरी तिनं सोसलं असतं. खरी मेख होती गाण्याची.

आमच्यात गाण्याला मालक असतो. होडी उसनी मिळेल, जाळं मिळेल, शेजारणीच्या पातेल्यातला मासा तर नुसता वाडगा घेऊन उभं राहिलं तरी मिळेल. पण दुसऱ्याचं गाणं त्यानं दिल्याशिवाय तोंडात घ्यायचं नाही. द्यायचं ते चारचौघांसमोर, आपल्याला कुणी दिलं त्याचं नाव घेऊन, आणि अख्खं. अर्धं गाणं कुणी देत नाही आणि कुणी घेत नाही. युलालियाकडे तिच्या आजोबांचं, साबिनोचं गाणं होतं. साबिनो त्या बेटावरच्या माणसांपैकी. आता त्या बेटावर कुणी राहत नाही, सरडे तेवढे राहतात. त्या माणसांचं म्हणावं असं तेवढं गाणंच उरलेलं, आणि ते एकट्या युलालियाच्या तोंडी.

त्या वर्षी फिदेची मुलगी ब्रिसेइदा न्हातीधुती झाली. उन्हाळ्यात तिचा सोहळा ठरला. आमच्याकडे तो चार दिवस चालतो, आणि शेवटल्या पहाटे पोरीला समुद्रावर नेऊन तिचे केस धुतात. तेव्हा आजीनं हे गाणं म्हणायचं आणि सगळ्यांदेखत म्हणायचं, 'आजपासून हे फिदेन्सियाचं.' एवढंच फिदेला हवं होतं. दुसरं काही नको. आईच्या तोंडून कधी कौतुकाचा शब्द ऐकला नव्हता तिनं. पाणी भरलं, शिंपल्यांच्या माळा ओवल्या, आईचे गुडघे चोळले, तर आई म्हणायची, "जरा वर चोळ." हे गाणं तरी आपल्याला मिळावं, असं तिला वाटत होतं. आणि आई ते कुणाला ऐकवत होती? सरड्याला.

रोज सकाळी ऊन दगडांवर आलं की जाड्या बाहेर यायचा, अंग तापवायचा, आणि मग सरळ चालत आईच्या मांडीवर. आई त्याच्या पाठीवर हात ठेवायची आणि बारीक आवाजात सुरू करायची. एकेक ओळ घोळवून घोळवून, दहा-दहा वेळा, बाळाला जोजवावं तशी. फिदे कुंपणाशी उभी राहून ऐकायची. जिवाचा कान करून ऐकायची. मग राहवायचं नाही, कॉफीचा पेला घेऊन आत जायची. की आई गप्प.

"का गं, थांबलीस का?"

"घसा बसलाय."

"आत्ता तर चाललं होतं."

"तू मांजरीसारखी येतेस. दचकायला होतं. ठेव तो पेला."

फिदेनं पाठ वळवली, कुंपण ओलांडलं, की घसा परत उठायचा. तळपायाची आग मस्तकात जायची बिचारीच्या.

तिचा नवरा नासारियो दारात बसून काळ्या लाकडाचे मासे कोरायचा. जावयानं सासूशी बोलायचं नाही ही आमची रीत, त्यामुळे सासूबद्दलचं सगळं बोलणं तो बायकोशीच करायचा. "एक काम कर," तो म्हणाला. "उद्या सकाळी तूही दगडावर पोट टेकून पड. अंगाला थोडे काळे धब्बे काढून देतो. गाईल तुझ्यासमोर."

"हसा. तुमची आई नाही ना ती."

"माझी आई माझ्याशी बोलायची, हेच तर दुखणं होतं," नासारियो म्हणाला आणि कानस घासत राहिला.

शेवटी फिदेनं सरळच विचारलं. चार शेजारणी माळा ओवत बसल्या होत्या. आई जाड्याच्या नाकपुड्यांवर साचलेलं मीठ बोटानं पुसत होती. हे सरडे खारं खातात आणि मीठ नाकातून शिंकरतात. लेकीच्या पोरीचं नाकसुद्धा आईनं कधी इतक्या मायेनं पुसलं नव्हतं.

"आई, सोहळा तोंडावर आलाय. गाणं देणारेस ना?"

"देईन की."

"कुणाला?"

आईनं तिच्याकडे बघितलं. क्षणभर तिच्या चेहऱ्यावर काहीतरी घाबरल्यासारखं आलं, पण फिदेला तेव्हा ते दिसून दिसलं नाही. मग म्हातारी हसली. "जाड्याला विचारते. तो सांगेल त्याला."

शेजारणी खो खो हसल्या. फिदेही हसली, दात दाखवण्यापुरती. आणि तिथंच तिनं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी आई गुडघ्यांचं औषध आणायला दवाखान्यात गेली. फिदेनं जाड्याला शालीत गुंडाळलं. वाटलं होतं चावेल, शेपटी मारेल, मग आपल्यालाही राग काढता येईल. पण तो मुकाट्यानं आला. नुसता तिच्या छातीशी पोट टेकून राहिला, आणि त्याचं पोट चांगलं ऊन ऊन होतं. तिला तेही सोसलं नाही. आईला रोज हे असं लागत असेल, असं मनात आलं आणि पावलं आणखी भरभर पडायला लागली.

गावामागं खडकाळ टेकडी आहे. तिथं तिनं त्याला खाली ठेवला. "जा. दगड आहेत, ऊन आहे, तुला आणखी काय लागतं?" जाड्यानं जीभ काढून दगड चाटला, मान वर केली, आणि सावकाश, जहागीरदारासारखा चालत एका भेगेत शिरला. मागं वळूनही पाहिलं नाही.

घरी आई ढिगाचा एकेक दगड बाजूला करून बघत होती.

"फिदे, जाड्या दिसला का गं?"

"गेला असेल. जनावरच ते. त्याला काय माया."

आईनं दगड होते तसे परत रचून ठेवले.

पहिली सकाळ फिदेला बरी गेली. गाणं नाही, कौतुक नाही, सगळं शांत. दुसऱ्या सकाळी ती कुंपणाशी जाऊन उभी राहिली आणि तिला आठवलं की ऐकायला काहीच नाही. आई ढिगासमोर बसली होती, हात मांडीवर पालथे, मांडी रिकामी. रोटी तशीच झाकलेली. दिवसामागून दिवस असंच. आणि जळणं कमी व्हावं तर ते वाढलंच. असलेला सरडा निदान हातभर होता. नसलेला सगळ्या घरात भरून राहिला.

लिबोरियो समुद्रावरून आला, आईजवळ बसला, आणि मग तडक बहिणीकडे आला.

"कुठं नेलास?"

"कोण? मी कशाला नेऊ?"

"ताई, गुडघ्यावर चढून बसणारं जनावर आपण होऊन कुठं जातंय? आई ढिगासमोर बसलीय, आणि तू माझ्या डोळ्यांत बघत नाहीस."

"असं? मग बस म्हणावं. सरड्यासाठी इतकं झुरते. मी गेले असते तर झुरली असती का?"

लिबोरियो चुलीजवळ बसला. तो कधी आवाज चढवत नाही, तेव्हाही नाही चढवला. "तुला ठाऊक आहे ती त्याच्यासमोर काय करत होती?"

"लाड."

"पाठांतर. आई गाणं विसरत चाललीय. नुसतं गाणं नाही, बरंच काही. परवा मला तिनं मामाच्या नावानं हाक मारली. गाण्याच्या मधल्या ओळी तिला सापडत नाहीत. म्हणून रोज सकाळी बसते, एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणते, पुढची येतेय का बघते. माणसासमोर म्हणायची लाज वाटते तिला. सरडा हसत नाही, आणि चुकलं तर चुकलं म्हणत नाही."

फिदेच्या हातात पीठ होतं. ती मळायची थांबली.

"तुझ्यासाठीच चाललं होतं सगळं," लिबोरियो म्हणाला. "म्हणाली, फिदेला फुटकं गाणं दिलं तर तिची काय शोभा राहील. आधी नीट सांधते, मग देते."

"तुला सांगितलं तिनं." फिदे म्हणाली. "तुला सांगितलं. मला का नाही?"

"कारण तुला द्यायचं होतं, मला नव्हतं. देणाऱ्यानं घेणाऱ्यासमोर रडायचं का?"

जळणाऱ्या माणसाचं असं असतं. एवढं ऐकूनही पहिल्यांदा पोटात दुखलं ते भावाला आधी कळलं म्हणूनच. रडू त्याच्यानंतर आलं.

"आणि तो बेटावरचा आहे," दारातून बाहेर पडताना लिबोरियो म्हणाला. "तिकडं कोल्हे नाहीत. त्याला पळायचं असतं हेच माहीत नाही."

भर उन्हात फिदे टेकडीवर गेली. भेगेच्या तोंडाशी वाळलेल्या लेंड्या होत्या, आणि वाळूत कोल्ह्याची पावलं. आडवं पडून तिनं आत डोकावलं. आत काळे-पिवळे धब्बे दिसले, शेपटी दिसली. जाड्या होता. पण तिची सावली पडल्याबरोबर त्यानं हवा गिळली आणि टम्म फुगला. दगडाला असा घट्ट बसला की दगड आणि सरडा एक. शेपटी ओढली असती तर हातात शेपटीच आली असती.

पुरुष बेटावर कोफ धरतात ते कसं, तिला ठाऊक होतं. टोकदार काठी करायची, फुगल्या अंगात खुपसायची, हवा सुटली की ओढून काढायचा. पण तो मग भांड्यात जायचा असतो, मांडीवर नव्हे.

ती तशीच बसली. पिवळी फुलं आणली होती ती भेगेसमोर ठेवली. "बाहेर ये रे," ती म्हणाली. "चुकलं माझं. तुझी काही चूक नव्हती. तुला काय, मांडी ऊन लागली म्हणून चढलास." जाड्या फुगलेलाच. ती मागं सरकली, मग आणखी मागं, एका खडकाच्या सावलीला गेली. भीती गेल्याशिवाय तो हवा सोडत नाही, आणि भीती कुणाच्या सांगण्यानं जात नाही. ऊन सरकत भेगेच्या तोंडाशी आलं, फुलांवर आलं. बऱ्याच वेळानं आधी नाक आलं, मग मानेच्या घड्या, मग ते लोंबतं पोट. त्यानं एक पाकळी उचलली. दुसरी उचलली तेव्हा फिदेनं झडप घातली. त्यानं शेपटीचा असा फटका दिला की मनगटावर वळ उठला. तिला बरं वाटलं. कुणीतरी मारायलाच हवं होतं.

आईच्या अंगणात जाऊन तिनं त्याला मांडीवर ठेवलं. "मीच नेला होता," ती म्हणाली.

"ठाऊक आहे," आई म्हणाली. "तुझ्या शालीला त्याचा वास येत होता."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलून काय? तुझी इच्छा असल्याशिवाय तू कधी काही आणलंयस?" आईनं जाड्याचं पोट चाचपलं, पाय बघितले, नाकावरचं मीठ पुसलं. लेकीच्या मनगटाकडे बघितलं आणि म्हणाली, "चांगला हाणलाय. समुद्राचं पाणी लाव."

सकाळी फिदे कुंपणाशी आली. आईनं सुरू केलं होतं.

"खडक तापला, पोट तापलं, डोळा उघडला, समुद्र दिसला, होड्या गेल्या…"

थांबली. पुन्हा पहिल्यापासून. "होड्या गेल्या…" पुन्हा. इतके दिवस फिदेला वाटत होतं हे लाडानं घोळवणं आहे. आता ऐकलं तर एक म्हातारी अंधारात भिंत चाचपत होती. तिला राहवलं नाही.

"आम्ही राहिलो," ती कुंपणामागून म्हणाली. "खडकांत श्वास धरून राहिलो."

न दिलेलं गाणं तिनं तोंडात घेतलं होतं. आमच्यात ही चोरीच, आणि तीही आईच्या घरची.

"चोरून ऐकलंस," आई म्हणाली.

"हो."

"कधीपासून?"

"तो आल्यापासून. तू त्याला काय देतेस ते मला बघायचं होतं. माझ्या वाट्याचं तो नेतोय असं वाटायचं."

"सगळं आलं?"

"शब्दन् शब्द. कधी ही ओळ तुला सापडायची, कधी ती. मी जमवत गेले."

आई बराच वेळ जाड्याची पाठ खाजवत राहिली. मग म्हणाली, "आत ये. बस इथं. आता म्हण."

"पण ते माझं नाही अजून."

"नाहीच आहे. माझं आहे. तुझ्याकडे नुसतं राहिलं होतं. परत दे मला. आणि सावकाश म्हण, तुला घाईची खोड आहे."

तेव्हापासून रोज सकाळी दोघी बसायच्या, मध्ये जाड्या. लेक म्हणायची, आई मागून म्हणायची. काल आलेलं आज जायचं, मग पुन्हा. आई चिडायची, लेकीवर ओरडायची, "तसं नाही ते, तू चुकतेस," आणि चुकलेली स्वतःच असायची. फिदे म्हणायची, "बरं, तू म्हणतेस तसं," आणि पुन्हा बरोबर म्हणायची. गाणं एकदा अख्खं झालं त्या दिवशी आईनं जाड्याला लिबोरियोच्या हातात दिलं. "याला घरी सोडून या. याचं काम झालं. कोल्ह्यांच्या मुलखात कशाला ठेवायचा."

फिदेही होडीतून गेली. बेटावर प्रत्येक धोंड्यावर एकेक कोफ पडलेला होता, कुणी कुणाकडे न बघता, सगळे समुद्राकडे तोंड करून. जाड्याला ठेवला तसा तो चार पावलं गेला, एका तापलेल्या दगडावर पोट टेकलं, आणि क्षणात त्यांच्यातला झाला. "मेला वळूनसुद्धा बघत नाही," फिदे म्हणाली. तिला आईसाठी वाईट वाटलं.

सोहळ्याच्या शेवटल्या पहाटे सगळं गाव पाण्याशी जमलं होतं. ब्रिसेइदाचा चेहरा रंगवलेला, केस ओले. युलालिया उभी राहिली. फिदे तिच्या शेजारी ओठ घट्ट मिटून उभी, आत जीभ मात्र प्रत्येक ओळीबरोबर हलत होती. 'होड्या गेल्या'पाशी आईनं श्वास घेतला. फिदेनं डोळे मिटले. 'आम्ही राहिलो,' आई म्हणाली, आणि शेवटपर्यंत गेली. एकही ओळ सांडली नाही.

मग तिनं हात पुढं केला. फिदे एक पाऊल सरसावली. हात तिच्यावरून पुढं गेला आणि ब्रिसेइदाच्या ओल्या डोक्यावर टेकला.

फिदेच्या पोटात तोच जुना जाळ उठला, आणि या वेळी पोटच्या पोरीवर. कुणासाठी रोज सकाळी बसले मी, असं तिच्या मनात आलं. तेवढ्यात आई बोलली, गावाला ऐकू जाईल अशा आवाजात.

"हे गाणं मला माझ्या लेकीनं दिलं. फिदेन्सियानं. आज मी ते तिच्या लेकीला देते."

लोकांत कुजबुज झाली. साबिनोचं नाव सगळ्यांना पाठ होतं. लिबोरियो हलकेच पुढं झाला. "तुझ्या आजोबांनी, आई. आजोबांनी दिलं."

"तू गप्प बस," आई म्हणाली. "मला कुणी दिलं ते मला माहीत आहे."

ती विसरून बोलली की जाणूनबुजून, हे फिदेला तिच्या तोंडाकडे बघूनही कळलं नाही, आणि पुढंही तिनं कधी विचारलं नाही. ब्रिसेइदानं पहिली ओळ धरली, जरा घाईनं, आणि मागून आजीनं तिला सावकाश म्हणायला सांगितलं.